जांभ्याच्या जुन्या घराचे वायरिंग आणि प्लंबिंग : कामाच्या नोंदी

२० नोव्हेंबर २०२३

भाताची झोडणी संपली, पेंढा रचून झाला आणि घराच्या कामाला हात घालण्याइतकी सवड मिळाली. घर राजापूर तालुक्यातले आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, वर कौले, मधे माजघर, मागच्या बाजूला पडवी आणि न्हाणी अशी त्याची मांडणी आहे. आजोबांनी वीज घेतली तेव्हा लाकडी पट्ट्यांवर क्लिपा मारून केलेले वायरिंगच थोड्याफार ठिगळांसह आजवर चालू होते. मे २०२१ मधील तौक्ते वादळात मागची कौले उडाली, माळ्यावरच्या वायरी रात्रभर भिजल्या आणि तेव्हापासून विहिरीच्या पंपाच्या लोखंडी पेटीला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या. आईने त्यावर स्वतःपुरता उपाय शोधला. पेटीसमोर जेवणाचा लाकडी पाट ठेवायचा, पाय कोरडे करून त्यावर उभे राहायचे आणि मगच बटण दाबायचे. अडीच वर्षे ती हे करत होती आणि आम्ही सुट्टीला येणारी मंडळी ते पाहत होतो. गेल्या महिन्यात न्हाणीच्या नळालाही तशाच झिणझिण्या लागल्या, तेव्हा आता दुरुस्ती नको, सगळे काढून नवेच करायचे, असे ठरवले.

एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून ठेवतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावे लागते. म्हणून ते काम रीतसर तालुक्याच्या गावच्या एका परवानाधारक ठेकेदारांकडे दिले. आम्ही त्यांना वायरमन काका म्हणतो. खाचा मारणे, पाइप बसवणे आणि वायरी ओढणे मी त्यांच्या हाताखाली करायचे, प्रत्येक जोडणी त्यांनी तपासायची आणि चाचणी अहवाल त्यांच्या सहीचा, असे ठरले आहे. मीटर आणि त्याच्या सीलला आम्ही कोणीही हात लावणार नाही. प्लंबिंग मात्र पूर्णपणे माझ्याकडे आहे.

२४ नोव्हेंबर २०२३

आजचा दिवस जे आहे ते समजून घेण्यात गेला आणि या साऱ्या कामात मला सर्वांत जास्त शिकवणारा दिवस कदाचित हाच ठरेल.

जुन्या बोर्डावर चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज आहेत, एक फेजवर (वीज आणणाऱ्या तारेवर) आणि दुसरा न्यूट्रलवर (ती परत नेणाऱ्या तारेवर). न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर घर अंधारात जाते, आपण वीज गेली असे समजून हात घालतो आणि फेज मात्र प्रत्येक होल्डरपर्यंत जिवंत असतो. माजघरातल्या दिव्याचे बटण तर न्यूट्रलमध्येच बसवलेले निघाले, म्हणजे बटण बंद असतानाही होल्डरमध्ये वीज होती. वायरी ॲल्युमिनियमच्या आहेत आणि मधेमधे त्यांना तांब्याच्या वायरी नुसत्या पीळ देऊन जोडल्या आहेत. अशा सांध्यावर ॲल्युमिनियमचा गंज धरतो, सांधा सैल होतो आणि तापतो. तीन सांध्यांवरचे आवरण जळून काळे पडले होते.

न्हाणीच्या नळाला वीज कुठून येते, हे कोडे दुपारी उलगडले. घरातल्या तीन पिनांच्या सॉकेटची आणि पंपाच्या पेटीची अर्थची (गळणारी वीज जमिनीत सोडणारी) तार एकत्र करून न्हाणीतल्या लोखंडी नळाच्या पाइपला क्लॅम्पने आवळलेली सापडली. आजोबांच्या काळी हे चालून गेले, कारण तो जीआय (जस्ताचा लेप दिलेल्या लोखंडाचा) पाइप न्हाणीपासून विहिरीपर्यंत सुमारे अठरा मीटर जमिनीखालून जात होता आणि तोच आमचा अर्थ होता. दहा वर्षांपूर्वी पाइप गंजून गळू लागला, तेव्हा आम्ही जमिनीखालचा भाग काढून तिथे प्लॅस्टिकचा पाइप टाकला. पाण्याची गळती थांबली, पण त्याच दिवशी घराचा अर्थ तुटला आणि ते कोणाच्याही लक्षात आले नाही. भिंतीत उरलेला चार मीटरचा कोरडा तुकडा आता अर्थ न राहता, एका उपकरणातली गळती दुसऱ्या उपकरणापर्यंत आणि नळापर्यंत पोहोचवणारी तार झाला होता. वायरमन काकांनी नळ आणि ओल्या जमिनीत ठोकलेला खिळा यांच्यामध्ये मीटर लावला, तर ९० व्होल्ट दिसले. मध्ये १५ वॅटचा दिवा जोडताच आकडा जवळजवळ शून्यावर आला. म्हणजे गळती भिजलेल्या आवरणातून होणारी, क्षीण होती. ती क्षीण राहिली म्हणूनच आजवर निभावले.

काकांनी तिथल्या तिथे पंपाची जुनी जोडणी सोडवून टाकली. काम पुरे होईपर्यंत विहिरीचे पाणी रहाटाने काढायचे आहे.

२ डिसेंबर २०२३

आराखडा कागदावर उतरवला. आजवर वीज आणि पाणी ही दोन वेगळी कामे समजून दोन वेगळ्या माणसांकडून, दोन वेगळ्या वर्षी करून घेतली आणि त्यातूनच वरचा घोळ झाला. या वेळी एकाच कागदावर दोन्ही काढले. नळाच्या रेषा निळ्या, गरम पाण्याच्या तांबड्या, सांडपाण्याच्या तपकिरी आणि वायरिंगच्या काळ्या. नियम एवढाच ठेवला की भिंतीतली प्रत्येक रेषा उभी किंवा आडवीच जाईल, तिरकी कुठेही जाणार नाही, म्हणजे पुढे कोणी खिळा ठोकताना बोर्ड पाहून वायर कुठून गेली असेल याचा अंदाज बांधू शकेल.

दिवे आणि पंखे यांचे दोन स्वतंत्र सर्किट, १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि १० अँपिअरचे एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप तुटणारे बटण). स्वयंपाकघरातील १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर. गिझर २००० वॅटचा, म्हणजे २३० व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर घेणारा, तरीही त्याला ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि स्वतंत्र एमसीबी ठेवला आहे, कारण पुढे कोणी मोठा गिझर लावला तर भिंत फोडावी लागू नये. पंप एक हॉर्सपॉवरचा आहे. तो सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढतो, म्हणून त्याच्यासाठीही वेगळे सर्किट आणि जमिनीखालून आर्मर्ड (लोखंडी तारांचे कवच असलेली) केबल.

१३ डिसेंबर २०२३

अर्थिंगचा खड्डा. अंगणाच्या कोपऱ्यात, मीटरजवळ, सोयीची म्हणून जागा धरली आणि सव्वा मीटरवर कातळ लागला. पहार टणकन वाजली आणि त्याखाली वीतभरही जाईना. अर्थची नळी अडीच मीटर लांबीची आहे आणि ती अख्खी जमिनीत जायला हवी.

संध्याकाळी आई म्हणाली, "केळीच्या आळ्याकडे खणून बघ. तिथे माझी कुदळ कधी अडली नाही." न्हाणीचे सांडपाणी आमच्याकडे पिढ्यानपिढ्या केळी आणि अळवाला जाते, त्यामुळे त्या बाजूची माती मे महिन्यातही ओलसर असते. तिथे सव्वादोन मीटर खोल गेल्यावर कातळ आला. अर्थिंगच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस ३०४३ मध्ये, कातळ लागल्यास नळी उभ्या रेषेपासून ३० अंशांपर्यंत तिरकी पुरण्याची मुभा आहे. तशी ठेवली तर अडीच मीटरच्या नळीला २.१७ मीटर खोली पुरते. खड्डा त्याहून किंचित खोलच होता. नळीभोवती कोळसा आणि मीठ यांचे थर आलटून पालटून दिले, वर पाणी ओतण्यासाठी नरसाळे बसवले आणि चिऱ्यांची चौकट बांधून झाकण केले. साबणाच्या पाण्याने जीआय नळी लवकर गंजू नये म्हणून खड्डा आळ्याच्या आत न घेता त्याच्या काठापासून दीड मीटर दूर घेतला आहे. ओल तिथपर्यंत झिरपते. दुसरी नळी पाच मीटर अंतरावर, त्याच पट्ट्यात पुरली आणि दोन्हींपासून घरापर्यंत स्वतंत्र जीआय पट्ट्या आणल्या.

१६ डिसेंबर २०२३

वीज जमिनीत शिरताना किती विरोध होतो त्याचे माप अर्थ टेस्टरने घेतले; आकडा जितका कमी तितका अर्थ चांगला. दोन्ही नळ्या जोडून ४.८ ओहम. मी समाधानाने वहीत आकडा लिहीत असताना वायरमन काका म्हणाले, "आता थंडी आहे, जमिनीत पावसाची ओल आहे. तांबडी माती मे महिन्यात विटेसारखी होते. खरं माप तेव्हा घे आणि तेच लिही." वहीत दोन रकाने केले आहेत.

८ जानेवारी २०२४

खाचा मारण्याचे काम सुरू झाले. जांभा ग्राइंडरच्या पात्याला लोण्यासारखा वाटतो, पण त्याच्या पोटात भोके असतात आणि छिन्नी लावली की कडा ढासळते. एक इंच रुंदीची खाच धरायला गेलो तिथे अडीच इंचाची झाली. नंतर पद्धत बदलली. दोन्ही कडा पात्याने आधी खोल कापायच्या, मधला भाग रुंद छिन्नीने हलकेच उचलायचा आणि हातोडीऐवजी लाकडी मोगरी वापरायची. चिऱ्यांच्या सांध्यांत जुना चुना आहे. तो सुटला तर चिरा हलतो, म्हणून आडव्या खाचा शक्यतो टाळल्या आणि आडवे पाइप माळ्याच्या तक्तपोशीवरून नेले. माळ्यावर उंदीर असतात आणि कौलांची गळती कधी होईल ते सांगता येत नाही, म्हणून तिथे पाइपाचा एकही सांधा सोल्युशन न लावता सोडलेला नाही.

४ फेब्रुवारी २०२४

प्लंबिंग. टाकी कौलांवर ठेवता येत नाही, कारण हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन आणि वाशांवर ते टाकण्याचा विचारही करू नये. न्हाणीमागे चिऱ्यांचे चार खांब आणि वर स्लॅब, असा मनोरा बांधला. टाकीचा तळ न्हाणीच्या जमिनीपासून ३.६ मीटरवर आला. दहा मीटर उंचीचे पाणी साधारण एक बार दाब देते, त्यामुळे २.१ मीटर उंचीवरच्या शॉवरला आमच्याकडे जेमतेम ०.१५ बार मिळणार. एवढ्या कमी दाबात पाइपाचा व्यास हाच सारा खेळ ठरतो. तेवढेच पाणी न्यायचे असेल तर घर्षणाने होणारी घट व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे पाऊण इंचाऐवजी अर्धा इंच घेतला तर घट सुमारे सातपट होते. म्हणून टाकीपासून खाली एक इंची, न्हाणीपर्यंत पाऊण इंची आणि फक्त शेवटच्या हातभर अंतराला अर्धा इंची पाइप घेतला. काटकोनी एल्बोही जमेल तेवढे कमी केले.

थंड आणि गरम, दोन्हींना सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लॅस्टिकचा पाइप) वापरला. गरम पाण्याची रेषा सहा मीटरची आहे. पाणी ६० अंशांवर गेले की तिची लांबी सव्वा सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढते, म्हणून तो पाइप सिमेंटने घट्ट बुजवला नाही. त्याला फोमचे वेष्टण घातले आणि वळणावर सरकायला जागा ठेवली. आईचा तांब्याचा बंब आहे तिथेच राहील. त्याच्याजवळ थंड पाण्याची एक तोटी काढून दिली.

११ फेब्रुवारी २०२४

सांडपाणी. बेसिनला आणि न्हाणीला ७५ मिलिमीटरचा पाइप, संडासाला ११० मिलिमीटरचा, आणि उतार प्रत्येक मीटरला दोन सेंटिमीटर. उतार पाणसळीवर न सोडता पाण्याची पारदर्शक नळी धरून दर मीटरला तपासला. जमिनीत बसणाऱ्या जाळीच्या सापळ्याला सगळे प्लंबर 'नाहणी ट्रॅप' म्हणतात आणि भारतीय मानकांतही तोच शब्द आहे. तो आपल्या न्हाणीवरूनच आलेला असावा, हे ध्यानात आले तेव्हा फार बरे वाटले. त्यात पाच सेंटिमीटर पाणी कायम उभे राहायला हवे, नाहीतर वास आणि झुरळे घरात येतात. न्हाणीचे पाणी पूर्वीप्रमाणे केळीलाच सोडले आहे. संडासाची रेषा तिच्यापासून पूर्ण वेगळी आहे.

२ मार्च २०२४

गिलावा करण्याआधीची दाबचाचणी. सर्व तोट्यांच्या जागी प्लग लावले, रेषा पाण्याने भरून आतली हवा काढली आणि भाड्याने आणलेल्या हातपंपाने दर चौरस सेंटिमीटरला सहा किलोचा दाब दिला. वीस मिनिटांत काटा साडेपाचवर आला. सगळ्या सांध्यांवर कोरडा कागद फिरवत गेलो. गिझरच्या खालच्या एल्बोवर कागदाला मोहरीएवढा ओला ठिपका पडला. तो सांधा कापून उभा चिरला, तेव्हा कारण दिसले. करवतीने कापलेल्या पाइपाच्या तोंडाची कुसळे मी साफ केली नव्हती. पाइप एल्बोत शिरताना त्या कुसळांनी सॉल्व्हंट सिमेंट खरवडून पुढे ढकलले होते आणि एका बाजूला केसाएवढी कोरडी वाट राहिली होती. पाइप पूर्ण खोलीपर्यंत गेलाही नव्हता. मी आधी पेन्सिलीने खूण केली असती तर हे लगेच कळले असते.

त्यानंतर गिझरच्या बाजूचे अकराच्या अकरा सांधे, ज्यांची खूण केलेली नव्हती, ते कापून पुन्हा केले. कापलेल्यांपैकी आणखी एक सांधा तसाच निघाला. तो आज गळत नव्हता, पण गरम पाण्याच्या रेषेवर होता.

५ मार्च २०२४

दाब सहा किलो, चार तास, काटा जागचा हलला नाही. प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी लावून फोटो घेतले.

१७ मार्च २०२४

गिलाव्याचे काम पूर्ण. शिमग्याला माणसे घरी यायच्या आत आटोपले.

७ एप्रिल २०२४

वायरी ओढून झाल्या. पाइपात कुठेही सांधा नाही, सगळे सांधे पेट्यांमध्ये आहेत. फेज तांबडा, न्यूट्रल काळा, अर्थ हिरवा, हे रंग एकाही जागी बदललेले नाहीत. मेगरने (आवरणाचा विरोध मोजणाऱ्या यंत्राने) ५०० व्होल्टवर आवरणाची चाचणी केली; इथे आकडा जितका मोठा तितके आवरण चांगले. सहा सर्किट ५० मेगाओहमच्या वर, आणि माजघराचे दिव्यांचे सर्किट फक्त ०.३. किमान एक मेगाओहम हवा. सर्किट अर्धेअर्धे सोडवत गेलो आणि दाराशेजारच्या पत्र्याच्या पेटीपर्यंत पोहोचलो. तिथे पाइप पेटीत शिरतो त्या भोकाला मी रबरी बुश बसवायला विसरलो होतो. वायर ओढताना पत्र्याच्या धारेने तांबड्या वायरचे आवरण बोटभर सोलले गेले होते आणि आतले तांबे पत्र्याला टेकायला कागदाएवढे अंतर बाकी होते. ती वायर पूर्ण काढून नवी घातली, टेप लावून भागवले नाही. मग उरलेल्या सर्व पेट्या उघडून बुश पाहिले.

१४ एप्रिल २०२४

वितरण पेटी बसली. ३० मिलिअँपिअरचे दोन आरसीसीबी (गेलेल्या आणि परत आलेल्या प्रवाहात तेवढा फरक पडला की वीज तोडणारी बटणे) घेतले आहेत, एक घरातल्या सर्किटांना आणि दुसरा पंप, गिझर व बाहेरच्या दिव्यांना, म्हणजे पावसाळ्यात बाहेर ओल लागून एक पडला तरी घरात अंधार होणार नाही. पडवीतला दिवा लावला की दोन्ही आरसीसीबी पडत होते. त्या दिव्याचा फेज दुसऱ्या आरसीसीबीमधून आणि न्यूट्रल मी चुकून पहिल्याच्या पट्टीवर लावला होता, त्यामुळे गेलेला प्रवाह त्याच वाटेने परत येत नव्हता आणि दोघांनाही ती गळतीच वाटत होती. न्यूट्रल योग्य पट्टीवर आणताच दोष गेला. काकांनी चाचणी अहवालावर सही केली.

पंप सुरू केला. आई सवयीने पाट घेऊन आली होती. काकांनी आधी मीटर लावून पेटी आणि जमीन यांच्यामध्ये शून्य दाखवले, मग तिने चपला काढून ओल्या फरशीवरूनच बटण दाबले.

१८ मे २०२४

खरे माप आज घेतले. ११.५ ओहम. पाच महिन्यांत दुपटीहून जास्त.

हा आकडा नीट समजून घ्यायला हवा. एखाद्या उपकरणाचा फेज थेट त्याच्या अंगाला लागला तर या अर्थमधून जास्तीत जास्त २३० भागिले ११.५, म्हणजे २० अँपिअर प्रवाह वाहील. १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी तत्काळ तुटायला किमान ८० अँपिअर लागतात. २० अँपिअरवर तो बराच वेळ तसाच उभा राहील आणि तेवढा वेळ उपकरणाचे अंग जिवंत असेल. डिसेंबरातल्या ४.८ ओहमवरसुद्धा प्रवाह ४८ अँपिअरच होतो. म्हणजे कोकणच्या जमिनीत चांगला अर्थ आणि एमसीबी असूनही माणूस सुरक्षित होतोच असे नाही. आरसीसीबी मात्र ३० मिलिअँपिअरवर तुटतो आणि तेवढा प्रवाह ११.५ ओहममधून जाताना अंगावर अर्धा व्होल्टही चढत नाही. जांभ्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक घरात, दुसरे काही जमले नाही तरी, आरसीसीबी बसलाच पाहिजे असे मला मनापासून वाटते. शेजारच्या दोन घरांत तो बसवून घेण्यासाठी काकांना सांगितले आहे.

दोन्ही नरसाळ्यांत दोन-दोन बादल्या पाणी ओतले. दुसऱ्या दिवशी सकाळी ८.२ ओहम. यापुढे मार्चपासून पाऊस लागेपर्यंत दर आठवड्याला पाणी घालायचे काम आईने स्वतःकडे घेतले आहे, ते केळीच्या शिंपण्यातच होऊन जाते.

१६ जून २०२४

पाऊस लागून आठवडा झाला. अर्थ ४.१ ओहम. दोन्ही आरसीसीबीची टेस्टची बटणे दाबून पाहिली, दोन्ही तत्काळ पडले. ही चाचणी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला करायची आहे. माळ्यावर एका ठिकाणी कौल सरकून पाणी आले होते, पेट्या कोरड्या आहेत. केळीकडे जाणाऱ्या सांडपाण्याच्या चरात पाला साचतो, त्याला जाळी लावायची आहे.

आराखड्याची एक प्रत वितरण पेटीच्या दाराला आतून चिकटवली, दुसरी काकांकडे दिली. अर्थच्या चौकटीचे झाकण उघडून नळीचा गंज पाहायचा आहे, तो पुढच्या डिसेंबरात.